प्रसंग एक, खटले किती?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



पहिली वेचणी तोंडावर आलेली असताना तुम्ही कामाचा दिवस मोडून इथे आलात. म्हणून जे बोलायचे ते कामाचे बोलू. कापसाच्या भावावर पुढचे वक्ते बोलणार आहेत. आमच्या वाट्याला विषय आला आहे तो कोर्टाचा.

आम्ही वकील नाही. आंदोलने केली, त्यांच्या तारखा केल्या आणि तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात बसून जे कळत गेले ते सांगतो आहोत. ज्याच्यावर खटला आहे त्याने आपले कागद घेऊन वकिलाकडेच जायचे. पण वकिलाला काय विचारायचे हे ज्याला माहीत असते त्याचा पैसाही वाचतो आणि दिवसही वाचतो. तेवढ्यापुरते हे बोलणे.

जवळजवळ प्रत्येक बैठकीत मागच्या बाजूने कोणीतरी उठतो आणि विचारतो, "भाऊ, एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा होत नाही असे म्हणतात. मग एकाच रास्ता रोकोची दोन समन्स माझ्या घरी कशी आली?" प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र साधे नाही, आणि अर्धवट उत्तरावर विसंबून आपली माणसे अडकतात.

आधी प्रसंग डोळ्यासमोर आणू. समजा, तीनचारशे माणसे हायवेवर बसली. तिथून जवळच रेल्वेचे फाटक. त्यातली काही पोरे रुळावर गेली, गाडी थांबली. कलेक्टरचा मनाई हुकूम अगोदरच लागू होता. ढकलाढकलीत एका हवालदाराची गचांडी धरली गेली. एका एस. टी.ची काच फुटली. दिवेलागणीला सगळे घरी गेले. आपल्या लेखी हा एक दिवस, एक आंदोलन, एक प्रसंग.

आता कायद्याच्या लेखी काय झाले ते पाहा. बेकायदा जमाव हा एक गुन्हा. लोकांची वाट अडवली हा दुसरा. सरकारी नोकराला कामात बळाने अडवले हा तिसरा. जुन्या दंडविधानात यांची कलमे 143, 341 आणि 353 होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ती 189, 126 आणि 132 झाली. मनाई हुकूम मोडला त्याबद्दल महाराष्ट्र पोलीस कायद्याची कलमे 37 आणि 135. एस. टी.च्या काचेबद्दल सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा 1984 चा कायदा. आणि गाडी अडवली त्याबद्दल 1989 च्या रेल्वे कायद्याचे कलम 174, ज्यात दोन वर्षांपर्यंत कैद लिहिलेली आहे. त्याचा तपास रेल्वेची माणसे करणार आणि कागद वेगळ्या कोर्टात जाणार. म्हणजे आपण एकदाच बसलो आणि उठलो, पण कलमे सहा आणि कोर्टे दोन.

हे राज्यघटनेला चालते का? घटनेच्या कलम 20 मध्ये दुसरा परिच्छेद आहे. त्याचा अर्थ असा की एकाच अपराधासाठी कोणावरही एकापेक्षा जास्त वेळा खटला भरून शिक्षा करता येणार नाही. हा मूलभूत हक्क आहे. सरकार कोणाचेही असो, तो काढून घेता येत नाही. पण त्यातला 'अपराध' हा शब्द नीट धरा. घटनेने 'एकच प्रसंग' म्हटलेले नाही, 'एकच अपराध' म्हटले आहे. आपली सगळी गफलत इथेच होते.

आपल्याच वावरातली गोष्ट घ्या. कोरडवाहू रानात कपाशीच्या तासांमध्ये तुरीची ओळ असते, धुऱ्याच्या कडेने ज्वारीची दोन तासे असतात. वावर एक, गट नंबर एक, पाऊसही एकच पडला. तरी पीकपाहणीत नोंदी तीन होतात, कारण पिके तीन आहेत. कायदा प्रसंगाकडे असाच पाहतो. प्रसंग म्हणजे वावर, अपराध म्हणजे पीक. एका वावरात किती पिके आहेत हे ओळखायचे कसे, याची कसोटी सुप्रीम कोर्टाने घालून दिली आहे.

तो खटला आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. पुण्याच्या एका विमा कंपनीच्या आपटे यांच्यासह दोघांवर कंपनीच्या पैशाच्या अपहाराचा आरोप होता. दंडविधानाच्या कलम 409 खाली, म्हणजे विश्वासघाताबद्दल, खटला झाला आणि त्याच पैशाबद्दल 1938 च्या विमा कायद्याच्या कलम 105 खालीही झाला. पैसा तोच, माणसे तीच. मुंबई हायकोर्टाने म्हटले, एकाच गोष्टीची दुसरी शिक्षा नको. सरकार सुप्रीम कोर्टात गेले. डिसेंबर 1960 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले की आरोपाची हकिकत एक आहे का हे पाहायचे नसते, दोन्ही अपराधांचे घटक एक आहेत का हे पाहायचे असते. एक कलम शाबीत करायला जी गोष्ट लागते ती दुसऱ्याला लागत नसेल, आणि दुसऱ्याला लागते ती पहिल्याला लागत नसेल, तर ते दोन वेगळे अपराध.

ही कसोटी आपल्या रास्ता रोकोला लावा. वाट अडवल्याचा गुन्हा शाबीत करायला कोणा माणसाची वाट अडलेली दाखवावी लागते. हवालदाराचा तिथे संबंध नाही. 353 शाबीत करायला कामावरचा सरकारी नोकर आणि बळाचा वापर दाखवावा लागतो. वाट अडली की नाही याचा तिथे संबंध नाही. म्हणून हे दोन अपराध आणि दोन्ही चालू शकतात. घटनेचे कलम दाखवून दुसरे समन्स परत करता येत नाही. हे कडू आहे, पण खरे आहे. ते ठाऊक असलेले बरे.

दुसरी गोष्ट. जे जे आपल्या अंगावर येते ते सगळेच 'खटला' नसते. याचाही जुना निकाल मुंबईचाच आहे. 6 नोव्हेंबर 1949 रोजी मकबूल हुसेन नावाचे गृहस्थ जेद्दाहून सांताक्रूझ विमानतळावर उतरले. त्यांच्याजवळ 107 तोळ्यांहून थोडे जास्त सोने होते, ते त्यांनी जाहीर केले नाही. कस्टमने सोने जप्त केले आणि हवे असेल तर 12,000 रुपये भरून सोडवा असे सांगितले. मग 1950 मध्ये त्याच सोन्यावरून परकीय चलनाच्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेटपुढे खटला भरला. ते म्हणाले, जप्ती ही एक शिक्षा झाली, आता दुसरी कशी? 1953 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले की कस्टमचा अधिकारी म्हणजे कोर्ट नव्हे. त्याच्यापुढे झाली ती चौकशी, खटला नव्हे. म्हणून पहिला खटला झालाच नाही, आणि जो झाला तोच पहिला.

हे सोन्याचे प्रकरण कोरडवाहू शेतकऱ्याला कशाला, असे वाटेल. पण आपल्याकडे याच मापाच्या गोष्टी रोज घडतात. आंदोलनाच्या आदल्या दिवशी कार्यकर्त्यावर चॅप्टर केस होते आणि शांतता राखण्याचा बाँड लिहून घेतात. ती प्रतिबंधक कारवाई असते. चॅप्टर केस झाली म्हणून पुढचा गुन्हा टळत नाही. सेवा सहकारी सोसायटीच्या सचिवावर किंवा संचालकावर सहकार कायद्याच्या कलम 88 खाली जबाबदारी बसली, पैसे वसूल झाले, तरी अपहाराचा फौजदारी खटला राहतोच. आपल्यातल्या कोणाचा मुलगा नोकरीत असला आणि खात्याने चौकशी करून पगारवाढ रोखली, तरी कोर्टातला खटला थांबत नाही. कोर्टात, गुन्ह्याबद्दल, अधिकार असलेल्या न्यायाधीशापुढे जे चालले आणि ज्याचा निकाल लागला, तेवढाच खटला मोजायचा.

मग आपल्या हातात काय राहिले? बरेच राहिले आहे. घटनेपेक्षा साध्या फौजदारी कायद्यानेच जास्त आडोसा दिलेला आहे. तो आता एकेक करून सांगतो.

पहिला आडोसा. एकदा कोर्टात निकाल लागला, शिक्षा होवो की निर्दोष सुटका होवो, आणि तो निकाल कायम असला, की त्याच अपराधाचा खटला पुन्हा भरता येत नाही. हे जुन्या फौजदारी प्रक्रियेचे कलम 300 होते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते 337 आहे. घटना म्हणते खटला आणि शिक्षा दोन्ही झालेली हवी. हे कलम निर्दोष सुटलेल्यालाही वाचवते. एवढेच नव्हे, त्याच हकिकतीवरून कोणते कलम लागेल याची शंका असताना जे दुसरे कलम लावता आले असते, तेही मागाहून काढता येत नाही.

दुसरा आडोसा याच कलमातला आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. समजा, एकाच व्यवहारातले दोन वेगळे अपराध होते, ते एकाच खटल्यात एकत्र चालवता आले असते, पण सरकारने एकच चालवला आणि त्याचा निकाल लागून गेला. आता दुसऱ्याचा खटला चालवायचा तर राज्य सरकारची संमती लागते. ठाण्याच्या फौजदाराच्या मनात आले म्हणून ते होत नाही. तेव्हा असे दुसरे समन्स आले तर वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारायचा: सरकारच्या संमतीचे पत्र कागदांत आहे का?

तिसरा आडोसा. एका प्रसंगाची पहिली खबर एकदा नोंदली की त्याच प्रसंगाची दुसरी, तिसरी खबर नोंदवून नवे गुन्हे उभे करता येत नाहीत. केरळात कण्णूर जिल्ह्यातल्या कूत्तुपरंबा इथे 25 नोव्हेंबर 1994 रोजी मंत्र्याविरुद्ध निदर्शने झाली, पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मेले. त्याच दिवशी दोन गुन्हे नोंदले गेले. पुढे चौकशी आयोग बसला आणि 1997 मध्ये त्याच घटनेवर आणखी एक गुन्हा नोंदला गेला. 2001 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. नवे काही सापडले असेल तर जुन्याच गुन्ह्यात पुढचा तपास करा, नवा गुन्हा नको, असे सांगितले. या वेळी आरोपी अधिकारी आणि माजी मंत्री होते, सुटका त्यांची झाली, हेही ध्यानात ठेवा. नियम सगळ्यांना सारखा असतो, म्हणूनच तो आपल्याही कामाचा. मात्र समोरच्या बाजूची उलट फिर्याद ही दुसरी खबर धरत नाहीत. 2004 मध्ये सुप्रीम कोर्टाने तसे स्पष्ट केले. धुऱ्याच्या भांडणात दोन्हीकडच्या फिर्यादी राहतात त्या यामुळे.

चौथा आडोसा. एकच कृत्य दोन कायद्यांत गुन्हा ठरत असेल तर खटला कोणत्याही कायद्याखाली भरता येतो, पण त्याच अपराधाची शिक्षा दोनदा देता येत नाही. हे 1897 च्या सर्वसाधारण खंडांच्या कायद्याचे कलम 26. आणि एकाच खटल्यात दोनतीन कलमांखाली शिक्षा झाली तर त्या एकत्र भोगायच्या की एकामागून एक, हे कोर्टाने सांगावे लागते. एकत्र भोगण्याची मागणी निकालाच्या दिवशीच करायची असते. तिथे गप्प बसले तर त्याची किंमत महिन्यांत मोजावी लागते.

आता ज्यासाठी हा विषय घेतला त्या गोष्टीवर येतो. आमच्या भागात आम्ही हे होताना पाहिले आहे. आमच्याबरोबर आंदोलनाला आलेला एक कोरडवाहू शेतकरी. मनाई हुकूम मोडल्याच्या खटल्यात तारखांना कंटाळला. प्रत्येक तारखेला एस. टी.चे भाडे, चहापाणी, वकिलाचे काही, आणि त्या दिवसाची डवरणी किंवा वेचणी बुडालेली. कोर्टाच्या आवारात कोणीतरी सांगितले, "गुन्हा कबूल करून टाक, कोर्ट उठेपर्यंत बसायचे, थोडा दंड भरायचा, मोकळा होशील. एकदा शिक्षा झाली की दुसरी केस आपोआप जाते." त्याने कबुली दिली. संध्याकाळपर्यंत बसला, दंड भरला, पावती खिशात घातली आणि घरी येऊन सुटल्याचा गूळ वाटला.

दुसरी केस 353 ची होती. ती गेली नाही. उलट त्या कोर्टात सरकारी वकिलाचे अर्धे काम झालेले होते. कारण त्या दिवशी, त्या वेळी, त्या जागी आपण जमावात होतो हे याने पहिल्या कोर्टात स्वतःच कबूल केले होते. वकिलाने डोक्याला हात लावला. पुढे दर तारखेला तो आम्हाला भेटे तेव्हा एकच विचारी, "मी दंड भरला ना भाऊ?" त्याला काय सांगावे? सुटायचे म्हणून जे केले त्यानेच तो जास्त अडकला होता, आणि त्याला सावध करायला आमच्यापैकी कोणी त्या दिवशी कोर्टात नव्हते. ही चूक जेवढी त्याची तेवढीच आमची.

म्हणून मायबहिणींनो, भावांनो, घरी जाऊन एवढे एक सांगा. एका प्रसंगाचे दोन खटले असतील तर लहान खटल्यात कबुली देण्याअगोदर मोठ्या खटल्याचे कागद वकिलाला दाखवल्याशिवाय तोंड उघडायचे नाही. लोकअदालत असो की नेहमीचे कोर्ट. लहान दंड हा स्वस्त वाटतो, पण त्याची पावती दुसऱ्या कोर्टात आपल्याविरुद्ध वाचली जाऊ शकते.

उलट लहान खटला नेटाने लढवला आणि त्यात कोर्टाने पुरावा तपासून ठरवले की हा माणूस त्या जागी नव्हताच, तर ते ठरलेले दुसऱ्या खटल्यातही उपयोगी पडते. पंजाबातल्या प्रीतम सिंग यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 1950 च्या दशकातच हे तत्त्व मानले. ज्या हत्याराबाबत आरोपी आधीच्या खटल्यात निर्दोष ठरला, तेच हत्यार त्याच्याकडे सापडले असे खुनाच्या खटल्यात म्हणू दिले नाही. तेव्हा कधी कधी लहान खटला लढवण्यातच मोठ्याची सुटका असते.

दुसरा सापळा 'खटला मागे घेतला' या शब्दांत आहे. आंदोलनांतले खटले मागे घेऊ अशी घोषणा सरकारे करतात. आपण हार घालतो आणि कागद विसरतो. सरकारने जाहीर केले म्हणून खटला संपत नाही. सरकारी वकिलाने अर्ज करावा लागतो आणि कोर्टाने परवानगी द्यावी लागते. जुने कलम 321, नवे 360. त्यातही मेख आहे. कोर्टाने चार्ज ठेवण्याअगोदर खटला मागे घेतला तर माणूस डिस्चार्ज होतो. चार्ज ठेवल्यानंतर घेतला तर ती निर्दोष सुटका धरतात. हे दोन शब्द आपल्याला सारखे वाटतात, पण कायद्यात त्यांचे वजन वेगळे आहे. निर्दोष सुटकेनंतर त्याच अपराधाचा खटला पुन्हा नाही. डिस्चार्ज ही निर्दोष सुटका नव्हे, हे कलम 337 च्या स्पष्टीकरणात लिहिलेले आहे. तिथे दार पुरते बंद झालेले नसते. तेव्हा कोर्टातून बाहेर येताना "सुटलो" एवढे म्हणू नका. कोणत्या शब्दाने सुटलो ते विचारा आणि त्या हुकुमाची नक्कल काढा.

आंदोलन न करणाऱ्यालाही हा विषय सुटत नाही. धुऱ्याच्या, म्हणजे मराठवाड्यात बांधाच्या, भांडणात काठी चालली. साध्या दुखापतीची केस झाली, दंड झाला. मागाहून तोच माणूस त्या माराने मेला. तर दंड भरला होता हे सांगून खुनाचा किंवा मनुष्यवधाचा खटला अडवता येत नाही, कारण मृत्यू नंतर झाला, तो पहिल्या कोर्टापुढे नव्हताच. मात्र साधी मारामारी कोर्टात रीतसर आपसात मिटवली तर तिचा परिणाम निर्दोष सुटकेचा असतो. गावात पंचांपुढे मिटवली आणि कोर्टात कळवलेच नाही, तर कोर्टाच्या लेखी काहीच मिटलेले नसते.

चेकचेही तसेच. खताबियाण्याच्या उधारीसाठी दुकानदार सह्या केलेले चेक ठेवून घेतो. चेक परत गेला की कलम 138 ची केस करतो, आणि वर फसवणुकीची फिर्याद देतो. दोन्ही एकदम चालतात का, यावर सुप्रीम कोर्टातच दोन मते पडली. 2011 च्या एका निकालात, 138 खाली शिक्षा झाल्यावर त्याच हकिकतीवर फसवणुकीचा खटला नको असे म्हटले गेले. 2012 च्या निकालात दोन्ही वेगळे अपराध म्हणून चालू शकतात असे म्हटले गेले. 2022 मध्ये हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवला गेला. आपण शहाणपण एवढेच घ्यायचे की कोरा चेक सही करून द्यायचा नाही.

आता नाण्याची दुसरी बाजूही पाहू, कारण आपण नेहमीच आरोपी नसतो. बोगस बियाणे विकणाराही याच नियमाच्या आडोशाला उभा राहतो. 1966 च्या बियाणे कायद्यात पहिल्या गुन्ह्याला 500 रुपयांपर्यंत दंड लिहिला गेला. सरकीचे बी उगवले नाही, दुबार पेरणीची वेळ निघून गेली, कर्ज डोक्यावर राहिले आणि समोरच्याने 500 रुपये भरून पावती घेतली! नंतर आपण ओरडलो की ही फसवणूक आहे, तर तो म्हणणार, माझा खटला होऊन गेला. मग सरकारची संमती आणा, आणि तिच्यासाठी मुंबईच्या फेऱ्या मारा. म्हणून फिर्याद पहिल्या दिवशीच पुरी द्यायची. पिशवी, टॅग, पावती, उरलेले बी आणि कृषी खात्याच्या पाहणीचा पंचनामा जोडायचा, आणि फसवणुकीचे कलम लावण्याची मागणी लेखी करायची. ढिसाळ फिर्यादीवर तो एकदा निर्दोष सुटला, की त्याला पुन्हा त्याच अपराधासाठी उभे करता येत नाही. नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोगाकडे जाण्याचा रस्ता मात्र वेगळा आहे. बियाण्याच्या तक्रारीत शेतकरी तिकडे जाऊ शकतो, हे सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये मान्य केले आहे. फौजदारी खटल्याचा दंड झाला म्हणून ते दार बंद होत नाही.

कोणी विचारेल, असा दोन्हीकडून कापणारा नियम हवा कशाला? त्याचे कारण आपल्याइतके कोणाला कळणार नाही. सरकारचा वकील पगारी, पोलीस पगारी, साक्षीला येणारा सरकारी नोकरही भत्ता घेऊन येतो. आपला दिवस तेवढा बिनपगारी. महिन्याला एक तारीख धरली तर एका खटल्याचे वर्षाला बारा दिवस. दोन खटले तर चोवीस. पेरणी आणि वेचणी यांच्या मधले हे दिवस कुठून आणायचे? जो हरल्यावर पुन्हा खटला भरू शकतो त्याला खरे खोटे सिद्ध करायची गरजच उरत नाही, तारखा देऊनच तो माणूस मोडतो. म्हणून सरकारला एका अपराधासाठी एकच संधी द्यायची, ती त्याने नीट वापरावी, आणि निकाल लागला की नागरिकाने निश्चिंत झोपावे, एवढी ही व्यवस्था आहे. ती पूर्ण नाही हे आम्ही मघाशी सांगितलेच. पण जेवढी आहे तेवढी वापरायला आपल्याला जमले पाहिजे.

त्यासाठी आज या मेळाव्यात एक ठराव करू. प्रत्येक तालुक्याने खटल्यांची एक वही घालावी. प्रसंगाची तारीख आणि जागा, गुन्हा नंबर आणि ठाणे, कलमे, जुनी असोत की नवी, कोर्ट आणि केस नंबर, आरोपींची नावे, पुढची तारीख, आणि शेवटी निकाल, तो कोणत्या शब्दात आणि नक्कल मिळाली की नाही. एका प्रसंगाचे सगळे खटले एकाच पानावर लिहायचे. म्हणजे कोणता कशाला धक्का लावतो हे नजरेसमोर राहील. जिथे एकाच व्यवहाराचे खटले एकाच जागी चालवता येतील तिथे वकिलामार्फत तसा अर्ज करायचा. कोर्ट देईलच असे नाही, पण अर्ज न करता मिळणार नाही हे नक्की. आणि निकालाची प्रमाणित नक्कल त्याच आठवड्यात काढायची. दुसरा खटला अडवायचा असेल तर तोंडी सांगून अडत नाही, नक्कल दाखवावी लागते.

ज्यांच्या घरी समन्स, चार्जशीट, दंडाची पावती, निकाल असे कागद ट्रंकेत किंवा आढ्याला पिशवीत असतील त्यांनी ते पुढच्या तालुका बैठकीला घेऊन यावेत. उंदरांनी कुरतडलेले असले तरी आणावेत. आम्ही दोघेतिघे वही घेऊन बसू आणि त्या दिवशी वकीलही बोलावू. मघाशी सांगितलेला आपला भाऊ एकटा कोर्टात गेला होता. यापुढे तारखेला जाणाऱ्याबरोबर तालुक्यातले एक तरी माणूस जाईल, एवढे आज हात वर करून कबूल करू.